पहिले तीन उन्हाळे

मुंबईत रस्त्याकडेला झाड लावायचं ठरलं की आधी विचारावं लागतं, खाली काय आहे? कोणतं झाड लावायचं, हे नंतर. पेव्हर ब्लॉक उचलला की कच लागते, कचेखाली कधीकाळी पाडलेल्या चाळीच्या विटा, मधूनच विजेची केबल नाहीतर गॅसची पाइप. माती सापडली तर दीड-दोन फुटांवर, आणि खाडीकडच्या भागात तीही खारी. पाठ्यपुस्तकात मात्र मोठ्या झाडासाठी खड्ड्याचं माप ठरलेलं आहे, एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून उद्यानविद्या शिकून आलेल्या एका बाईंनी हे माप परीक्षेत लिहिलेलं होतं. मुंबईत बागांची देखभाल करणाऱ्या एका ठेकेदाराकडे त्या पर्यवेक्षक म्हणून लागल्या आणि दुभाजक, वाहतूक बेटं, सार्वजनिक बागा, सोसायट्यांची आवारं यांतच त्यांची सगळी नोकरी झाली. आता निवृत्तीनंतर त्या फुलांबद्दल कमी बोलतात. माती, पाणी आणि माळी या तीनच गोष्टींवर फिरून येतात.

त्यांच्या हाताखालचे सगळ्यात जुने माळी जुन्नरकडचे. सगळे त्यांना मामा म्हणत, बाईही मामाच म्हणत. खड्डा कसा भरायचा हे बाईंना पुस्तकाने सांगितलं होतं, मामांनी ते हाताने करून दाखवलं. राडारोडा पुन्हा खड्ड्यात ढकलायचा नाही, घमेल्याने उचलून बाहेर काढायचा. खड्डा आठवडाभर उन्हात उघडा ठेवायचा. लाल माती, कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी निंबोळी पेंड एकत्र कालवायची. रोपाची काळी पिशवी ब्लेडने उभी चिरून काढायची, पण मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही. बाईंनी मेलेली कितीतरी रोपं उपटून पाहिली, त्यांतल्या बऱ्याच रोपांच्या मुळांभोवती ती पिशवी तशीच होती. मुळं आतल्या आत गोल फिरून एकमेकांना आवळत बसलेली. लावणाऱ्याला घाई होती, फोटो काढायचा होता, पिशवी तशीच राहिली.

मग बांबूचा आधार. सुतळी आठच्या आकड्यासारखी बांधायची, म्हणजे वाऱ्यात खोड बांबूवर घासत नाही. मामांचं म्हणणं असं की रोप थोडं हलू द्यावं, हललं तरच खोड जाड होतं. सुतळी वर्षभराने सोडायची. लोखंडी ट्री-गार्डही वेळेवर काढायचा. हे कोणी करत नाही, म्हणून मुंबईच्या कित्येक रस्त्यांवर लोखंडाची पट्टी बुंध्यात रुतून गेलेली झाडं दिसतात.

आपल्याकडे झाड लावण्याचा उत्सव आहे आणि तो जुना आहे. केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा रोपांचा. ५ जूनला जागतिक पर्यावरण दिन. राज्य सरकारने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत पन्नास कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं, त्यातली तेहेतीस कोटी एकट्या २०१९ साली लावायची होती. बाईंना उत्सवाबद्दल तक्रार नाही. शाळेतली मुलं पहिल्यांदा मातीत हात घालतात ते याच दिवशी, आणि ते व्हायलाच हवं असं त्या म्हणतात. त्यांचं बोट हिशेबावर आहे. किती लावली याचा आकडा छापला जातो, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती उभी आहेत याचा आकडा क्वचितच कोणी मागतो. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो. ५ जूनला लावलेलं रोप अनेकदा तापलेल्या मातीत जातं आणि पहिला आठवडाच कठीण काढतं. म्हणून त्यांनी आपल्या अखत्यारीतल्या जागांवर ५ जूनला कार्यक्रम होऊ दिला, पण मोठी लागवड पाऊस स्थिरावल्यावरच केली.

पावसाचं गणित इथे फार एकतर्फी आहे. दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. ऑक्टोबरचं ऊन लागलं की कोवळी पानं करपतात, आणि तिथून पुढे आठ महिने रोप माणसावर अवलंबून. मुळं खोल जाऊन स्वतःचं पाणी शोधेपर्यंत असे दोन-तीन उन्हाळे काढावे लागतात. दुभाजकावरच्या रोपाला तर दोन्ही बाजूंनी डांबर, बसचा धूर आणि टँकरची वाट. टँकरवाला नळी उघडून पुढे सरकतो. पाणी रोपाच्या आळ्यात थांबत नाही, रस्त्यावर वाहून जातं. मामा आळं नेहमी खोडापासून थोडं दूर, रुंद करायचे आणि त्यात सुकी पानं दाबून बसवायचे. नळीची धार बारीक ठेवून एकेका रोपापाशी थांबायचे. काही ठिकाणी त्यांनी तळाला भोक पाडून वात घातलेली मडकी पुरली होती, मडकं भरलं की दोन-तीन दिवस ओल राहायची. यात नवीन काही नाही, कोरडवाहू गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक असतं. नवीन एवढंच की हे काम करायला वेळ लागतो, आणि निविदेत वेळेचा रकाना नसतो. रोपांची संख्या असते, टँकरच्या फेऱ्या असतात.

ठेका संपला की माणसं बदलतात. बाईंना याचा सगळ्यात जास्त त्रास झाला. बागेचा मुख्य व्हॉल्व्ह मेंदीच्या कुंपणाखाली कुठे दडलाय, कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, कोणत्या आंब्याला दरवर्षी भिरूड लागते, हे त्या माळ्यालाच ठाऊक. नवा ठेकेदार नवी पोरं आणतो, त्यांना पहिलं वर्ष हे शिकण्यात जातं, आणि तोवर ठेका पुन्हा निघालेला असतो. एकदा ठेका बदलताना बाईंनी नव्या लोकांसाठी वहीत बागेचा नकाशा काढून दिला: नळ, व्हॉल्व्ह, गटाराची झाकणं, आजारी झाडं, साप निघण्याच्या जागा. अशी वही प्रत्येक बागेत ठेवावी असा त्यांचा आग्रह आहे, आणि प्रस्तुत लेखकाला तो अगदी रास्त वाटतो. इमारतीला नकाशा लागतो, बागेलाही लागावा.

नव्या माळ्यांना दाखवण्यासाठी त्या एक जागा निवडत: धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. रस्त्यापलीकडे टपऱ्या आणि कारखाने, नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती, आणि मध्ये सदतीस एकरांचं दाट रान. सत्तरच्या दशकापर्यंत हे शहराचं कचराकुंडीचं मैदान होतं. इथे कचरा टाकणं थांबलं, आणि या जागेचं निसर्ग उद्यान करावं ही कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतातल्या शाखेने मांडली. १९८३ मध्ये पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते पहिलं रोप लागलं. उद्यान लोकांसाठी खुलं झालं ते २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी.

बाई पोरांना हीच दोन सालं मोजायला लावत. त्र्याऐंशी ते चौऱ्याण्णव. अकरा वर्षं फाटक उघडलं नाही. आज कोणत्या योजनेत एवढी उसंत असते?

कचऱ्याच्या ढिगावर झाड जगवणं म्हणजे काय हे त्या तिथेच उभं राहून समजावत. कचरा कुजताना मिथेन सुटतो आणि मातीतल्या पोकळ्यांमधली हवा हटवतो. मुळांनाही श्वास लागतो, तो मिळत नाही. आत उष्णता वाढते. ढीग वर्षानुवर्षं खचत राहतो, त्यामुळे मुळं उघडी पडतात. वरून मातीचा थर टाकला तरी तो पातळ. अशा जागी आधी काटक झाडं उभी करावी लागतात, त्यांचा पाला खाली पडू द्यावा लागतो, तो कुजून नवी माती होऊ द्यावी लागते. मग नाजूक झाडांची पाळी. आज तिथे झाडाझुडपांच्या शेकडो जाती आहेत, शंभराहून जास्त प्रकारचे पक्षी आणि फुलपाखरांची मोठी संख्या नोंदलेली आहे. बाहेरून येणाऱ्याला पहिल्यांदा जाणवतो तो तापमानातला फरक. रस्त्यावरून आत दहा पावलं गेलं की अंगाची लाही थांबते.

आणि पाला. बागेत पानं पडली की झाडून पेटवायची, ही शहरातली जुनी सवय. निसर्ग उद्यानातून परतल्यावर पोरं पाला जाळायला कचरत, म्हणून बाई त्यांना तिथे नेत. आपल्या प्रत्येक बागेत त्यांनी एका कोपऱ्यात पाल्याचा खड्डा केला. थर पाल्याचा, थर शेणाच्या काल्याचा, अधूनमधून पाणी, आणि वर्षाच्या आत काळंभोर खत. विकतच्या खताची बिलं कमी झाली तेव्हा ठेकेदारालाही ते पटलं.

मुंबईच्या जुन्या बागा पाहिल्या की खालची जमीन वरच्या बागेचं रूप कसं ठरवते हे कळतं. मलबार हिलवरचं फिरोजशाह मेहता उद्यान, लोकांच्या तोंडी हँगिंग गार्डन, हे पाणीपुरवठ्याच्या टाकीवर वसवलेलं आहे. टाकीच्या छपरावर मातीचा थर उथळ, म्हणून वर प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपं, हिरवळ आणि वाफे. मोठी झाडं कडेला. २०२३ साली ही जुनी टाकी नव्याने बांधण्याचा प्रस्ताव आला, त्यात जवळपास चारशे झाडं जाणार होती. नागरिकांनी विरोध केला, तज्ज्ञांची समिती नेमली गेली, टाकी दुरुस्त करता येते का हे तपासलं गेलं. बाईंना या प्रकरणात एक गोष्ट महत्त्वाची वाटते: लोकांनी टाकीचा तांत्रिक अहवाल वाचायला घेतला. झाड वाचवायचं तर काँक्रीटची भाषाही शिकावी लागते.

भायखळ्याची राणीची बाग मात्र खऱ्या जमिनीवर आहे आणि ते दिसतं. १८६२ पासूनची ही बाग, आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लोक तिथे वाघ आणि पेंग्विन पाहायला जातात. बाई जात त्या झाडं पाहायला. आफ्रिकेची गोरखचिंच, बुंध्यावरच फुलणारा कैलासपती, उर्वशी, आणि दीडशे वर्षांची सावली. हे वनस्पती उद्यान आहे याचीच आठवण शहराला करून देण्यासाठी काही मुंबईकर वर्षानुवर्षं झटत आले आहेत. बाईंच्या मते प्रत्येक माळ्याला नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिथे एक दिवस पगारी पाठवावं.

परदेशी झाड म्हणून कोणाला हाकलून लावावं असं त्यांना वाटत नाही. गोरखचिंच परदेशीच. गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा, आणि मुंबईच्या जुन्या रस्त्यांवरची अर्धी सावली या वर्षावृक्षांनी दिलेली. पण गुलमोहराची मुळं उथळ पसरतात, फांदी ठिसूळ असते, आणि जुलैतल्या वाऱ्यात तो गाडीवर पडतो. वर्षावृक्षांवर पिठ्या ढेकूण आला तेव्हा शहरात मोठमोठी झाडं वाळून उभी राहिली. काँक्रीटने कोंडलेल्या मुळांमुळे ती आधीच अशक्त झाली होती, असं झाडांची जाण असलेले अनेक लोक तेव्हा सांगत होते. रस्ताभर एकच जात लावली की एक कीड सगळा रस्ता उघडा करते. म्हणून बाई मिसळून लावत. करंज, बकुळ, ताम्हण, बहावा, कदंब, पुत्रंजीव. पाणी साचतं तिथे समुद्रफळ. सोसायट्यांना हवे असत बाटलीसारख्या बुंध्याचे पाम. ‘मॅडम, पानं पडत नाहीत आणि गाड्या खराब होत नाहीत,’ असं कमिटीतले काका सांगत. बाई त्यांना विचारत, ‘काका, तुमची गाडी मे महिन्यात उभी कुठे करता?’ गाडी अर्थातच करंजाखाली असायची.

आता काँक्रीटबद्दल. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात झाडाच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला. मुंबईतही बुंध्यांभोवतीचं काँक्रीट फोडण्याच्या मोहिमा झाल्या. तरीही फुटपाथची नवी कामं निघाली की लाद्या पुन्हा खोडाला टेकतात. पाण्याला आत जायला वाट नाही, मुळांना हवा नाही, आणि केबलसाठी चर खणताना आधाराची मुळं एका बाजूने साफ कापली जातात. मग पावसाळ्यात झाड त्या बाजूला कलतं आणि बातमी येते ती ‘झाड पडून एक जखमी’ अशी. झाड पडलं एवढंच छापलं जातं. त्याची मुळं कधी आणि कोणत्या कामात तोडली गेली, हेही छापून यावं अशी बाईंची इच्छा आहे.

छाटणी हा त्यांचा दुसरा सल. पावसाळ्याआधी ठेक्याने आलेली पोरं कोयत्याने फांदीवर वरूनच घाव घालतात. अर्धी फांदी स्वतःच्या वजनाने खाली येताना खोडाची साल सोलून नेते. नीट पद्धत अशी की आधी खालून थोडा काप घ्यायचा, मग थोडं बाहेरून वरचा काप, फांदी सुटली की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर वळाला धक्का न लावता करवतीने काढायचा. जखमेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून. शिवाय एकाच बाजूच्या फांद्या उडवायच्या नाहीत, तोल जातो. हे शिकवायला एक दुपार पुरते. बाईंनी ते करवत हातात घेऊन, शिडीवर चढून शिकवलं, कारण पोरं कागदावरची चित्रं पाहून शिकत नाहीत.

झाड खाजगी आवारातलं असलं तरी ते तोडायला परवानगी लागते हे अनेक सोसायट्यांना आजही माहीत नसतं. महाराष्ट्राचा शहरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आणि ते तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट घातली. अट चांगली आहे. पण सत्तर वर्षांच्या वडाच्या बदल्यात लावलेली सत्तर रोपं कोणाच्या पाण्यावर जगणार, हा बाईंचा प्रश्न तिथेही उभा राहतोच.

अलीकडे मियावाकी पद्धतीची घनदाट वनं आली. अकिरा मियावाकी या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाची ही रीत: माती भरपूर सुधारायची, स्थानिक जाती निवडायच्या, एका चौरस मीटरात तीन-चार रोपं, वर जाड आच्छादन, आणि दोन-तीन वर्षं मनापासून पाणी व निंदणी. मुंबईत २०२० पासून अशी अनेक वनं झाली. बाईंना या पद्धतीत आवडतं ते हेच की देखभालीचा काळ आधीच सांगितलेला असतो. एवढ्या दाटीत माणसाला बसता येत नाही, मुलांना खेळता येत नाही. म्हणून ही वनं बागेच्या जागी नकोत, रिकाम्या पडलेल्या पट्ट्यांवर हवीत, हा त्यांचा निवाडा.

कारण शहरात बसायला जागाच कमी आहे. मुंबईत माणशी खुली जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितली जाते. केंद्राच्या नगररचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत ती दहा ते बारा चौरस मीटर असावी असं म्हटलं आहे. जी होती तिलाही दुपारी कुलूप असायचं. वर्षानुवर्षं कित्येक बागा सकाळी आणि संध्याकाळी उघडत, भर उन्हात बंद. सकाळी फिरायला येणाऱ्यांना घरी पंखा असतो. रिक्षावाला, सामान पोहोचवणारा मुलगा, नाक्यावरचा मजूर यांना सावली लागते ती बारा ते चारच. बाईंच्या एका बागेत मामांनी पिंपळाखालचा पार दुपारी उघडा ठेवायला सुरुवात केली. लोक येत, डबा खात, थोडं लवंडत. त्यांतल्याच एका रिक्षावाल्याने पुढे रोज नव्या रोपांना दोन कॅन पाणी घालायचं आपणहून अंगावर घेतलं. त्या कोपऱ्यातलं एकही रोप मेलं नाही.

बागेत काम करणाऱ्यांचं काय, हेही विचारायला हवं. निंदणीला येणाऱ्या बायका दिवसभर उकिडव्या बसून काम करतात, मातीत फुटलेल्या बाटल्यांच्या काचा असतात, आणि कित्येक बागांत त्यांना वापरायला स्वच्छतागृह नसतं. हातमोजे आणि गमबूट निविदेत लिहिलेले असतात, पायांत दिसत नाहीत. बागेचा दर्जा ठरवायचा तर आधी माळ्याची खोली पाहावी, असं बाई म्हणतात.

तुमच्या इमारतीसमोर गेल्या पावसाळ्यात लावलेलं रोप असेल तर ऑक्टोबर लागला की त्याच्याकडे लक्ष द्या. आठवड्यातून दोनदा दोन बादल्या, आळ्यात, सावकाश ओता. बांधलेली सुतळी खोडात रुतत असेल तर कापून टाका. बुंध्याला काँक्रीट टेकलं असेल तर वॉर्ड कार्यालयातल्या उद्यान विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचं पुढे काही होत नाही. झाडावर तोडण्याची नोटीस चिकटवलेली दिसली तर तिचा फोटो काढा, मुदत वाचा आणि हरकत मुदतीत नोंदवा. आणि पुढच्या ५ जूनला कोणी वृक्षारोपणाला बोलावलं तर जरूर जा, पण जाताना आयोजकांना एवढं विचारा की मागच्या वर्षीची किती रोपं उभी आहेत.